चौथा मजला, उजवीकडचं दार

"तू फक्त ऑफिसला जा!" चष्मेवाला बायकोला म्हणाला. "संध्याकाळी यायचं ते थेट नव्या घरी. सोफ्यावर बसायचं, पाय वर घ्यायचे आणि म्हणायचं, 'मानलं बुवा तुला!' बाकी तुला काडीचंही काम नाही!"

"अरे, पण मागच्या वेळी..."

"मागच्या वेळचं काढू नकोस!"

मागच्या वेळचं आपणही नको काढायला. एवढंच सांगतो, की मागच्या वेळी घर बदललं तेव्हा गॅसची शेगडी आठ दिवस सापडत नव्हती, आणि सापडली तेव्हा ती गाद्यांच्या गुंडाळीतून निघाली. तोपर्यंत दोघं रोज रात्री त्या गाद्यांवरच झोपत होते, आणि 'ही गादी मधेच टोचते कशी' यावर रोज भांडत होते.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. या वेळी नियोजन होतं! चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारा माणूस. "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" हे तो दिवसाला दोनशे वेळा विचारायचा. बारीकसारीक गोष्टीत चूक म्हणून चालायची नाही त्याला. त्याने बेचाळीस खोकी भरली, प्रत्येकावर नंबर घातला आणि वहीत यादी केली. खोकं नंबर सात : चमचे, गाळणी, टॉर्च. खोकं नंबर एकोणीस : भिंतीवरचे फोटो, जपून!

आणि घर तरी कसं मिळालं होतं! पाच महिने दोघं घरं बघत फिरत होते. एका घराच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उघडत होती. दुसऱ्या घराचा मालक म्हणाला, "सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे अगदी..." आणि पुढचा 'शांतता' हा शब्द खालच्या गॅरेजमधल्या हातोड्यांनी खाऊन टाकला. तिसऱ्या घरात पलंग मावत होता, पण मग दार उघडत नव्हतं. एकतिसाव्या घराला मात्र बायको आत शिरताक्षणी म्हणाली, "हेच!" चौथा मजला, दोन बाजूंनी उजेड, खाली बेकरी, समोर बाग, आणि बसथांबा तर इतका जवळ, की खिडकीतून बस दिसल्यावर चप्पल शोधायला घेतली तरी बस मिळावी!

इमारतीला रंग द्यायचं काम चालू होतं. त्यासाठी सगळ्यांच्या दारांवरचे नंबर आणि नावाच्या पाट्या काढून खाली वॉचमनच्या खोलीत ठेवल्या होत्या. घर दाखवायला आलेला एजंट म्हणाला होता, "पाट्या नाहीत म्हणून गोंधळू नका. सोपं आहे. चौथा मजला, उजवीकडचं दार!" हे तो लिफ्टमधून बाहेर पडता पडता म्हणाला होता. ही गोष्ट लक्षात असू द्या. चष्मेवाल्याच्या ती राहिली नाही.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला टेम्पो आला. अकरापर्यंत बेचाळीस खोकी, सोफा, पलंग, कपाट, टेबल, सगळं चढलं. चष्मेवाला टेम्पोबरोबर जाणार इतक्यात जुना घरमालक येऊन उभा राहिला.

"खिळे बघायचेत," तो म्हणाला.

"कसले खिळे?"

"भिंतीतले. मी घर दिलं तेव्हा नऊ होते. माझे नऊ सोडून बाकीचे काढायचे, भोकं बुजवायची, मगच किल्ली घेणार."

चष्मेवाल्याने क्षणभर विचार केला. मग टेम्पोवाल्याच्या हातात नव्या घराची किल्ली दिली आणि रुबाबात सांगितलं, "पुढे व्हा. सामान लावून टाका. चौथा मजला, उजवीकडचं दार. चुकायचं काही कारणच नाही!"

मग तो खिळे मोजत बसला. एकूण सत्तावीस निघाले. त्यातले नऊ कुठले, यावर दीड तास चर्चा झाली. "हा वाकडा माझा नव्हे, मी वाकडे खिळे मारत नाही," असं घरमालक प्रत्येक खिळ्याजवळ म्हणत होता. चष्मेवाला हातात चुन्याचा लगदा घेऊन स्टुलावर चढत होता, उतरत होता. मधेच फोन वाजला. टेम्पोवाला होता.

"साहेब, सगळं सामान लावून दिलं बघा. बाई होत्या घरी. त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतलं. किल्ली पण त्यांनाच दिली."

"बाई? घरी?" चष्मेवाल्याचा आनंद गगनात मावेना. म्हणजे बायकोने अर्धी रजा टाकली! तोंडाने कुरकुरते, पण मन कसं आहे बघा! त्याने शेवटचं भोक बुजवलं, घरमालकाला नमस्कार ठोकला आणि धावतच निघाला.

झालं होतं असं. नव्या इमारतीची लिफ्ट दोन माणसं आणि एक पिशवी एवढीच. त्यामुळे हमाल जिन्याने चढले. आणि त्या इमारतीत जिना आणि लिफ्ट एकमेकांकडे तोंड करून! लिफ्टमधून बाहेर पडलं की जे दार उजवीकडे, ते जिन्याने आलं की डावीकडे. टेम्पोवाला जिन्याने चौथ्या मजल्यावर पोचला, उजवीकडे वळला, किल्ली दाराला लावणार इतक्यात दार आतूनच उघडलं.

"आलात एकदाचे!" दारातल्या बाई म्हणाल्या. "तीन आठवडे वाट बघतेय! चपला बाहेर. सोफा त्या भिंतीला. भिंतीला घासायचा नाही. काय सांगितलं? घासायचा नाही!"

या बाई चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी इमारत त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्यांच्या आवाजात अशी काही जरब होती, की डोक्यावर कपाट असलेला हमालसुद्धा आधी सरळ उभा राहिला. पत्ता बरोबर आहे ना, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही.

बाईंचा मुलगा दुसऱ्या शहरात होता. त्याने फोन करून सांगितलं होतं, "आई, ते जुनं मोडकं सामान देऊन टाक. मी सगळं नवीन पाठवतो." बाईंनी त्याच दिवशी देऊन टाकलं. आणि मग सामान काही येईना. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू रोज जिन्यात विचारायच्या, "आलं का हो सामान?" आणि मग हळूच, "नाही ना? मला खात्रीच होती." जगात काहीही घडलं तरी या काकूंना त्याची आधीपासून खात्री असायची, म्हणून त्यांना सगळे खात्रीकाकू म्हणत.

म्हणून सामान येताच बाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर खात्रीकाकूंना हाक मारली! आणि एकट्या काकूंना बोलावून काय उपयोग, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे टायपिस्टकाकाही आले. रंग देणारे दोघं ब्रश हातात घेऊन आले. वॉचमनही वर आला.

चष्मेवाला चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरला, ऐटीत उजवीकडे वळला आणि आपल्या दाराची घंटा वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. दाराला कान लावला. आत रिकाम्या घराचा तो पोकळ आवाज! तेवढ्यात पाठीमागून हसण्याखिदळण्याचा आवाज आला म्हणून त्याने वळून पाहिलं. समोरचं दार सताड उघडं होतं. आणि आत, खिडकीखाली, त्याचा स्वतःचा सोफा होता! सोफ्यावर टायपिस्टकाका मांडी घालून बसले होते.

तो भूत बघितल्यासारखा उंबरठ्यावर उभा राहिला. त्याचं कपाट. त्याचं टेबल. त्याच्या टेबलावर त्याच्या कपांतून चहा चालला होता!

"लाकूड बघा कसं मुद्दाम जुनं केलंय," टायपिस्टकाका सोफ्याचा हात थोपटत म्हणत होते. "आजकाल याचीच फॅशन आहे. ओरखडेसुद्धा हाताने काढतात म्हणे."

तो ओरखडा बायकोच्या शिवणयंत्राने काढला होता.

"आणि ही फ्रेम बघा," बाई म्हणाल्या. "दुकानवाले आत नमुन्याचा फोटो घालून देतात ना, तसा आहे. काढून टाकायचाय." त्यांनी खोकं नंबर एकोणीसमधली फ्रेम उचलून धरली. चष्मेवाला आणि त्याची बायको, लग्नानंतरच्या पहिल्या सहलीतला फोटो. चष्मेवाला कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

खात्रीकाकूंनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. "बायको छान घेतलीय त्यांनी. पण नवरा? एवढी मोठी कंपनी, आणि जरा बऱ्या चेहऱ्याचा माणूस मिळाला नाही?"

"स्वस्तात आला असेल," रंगवाला म्हणाला.

आता मात्र चष्मेवाल्याच्याने राहवेना. "अहो, ऐका जरा!" तो ओरडला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. खात्रीकाकूंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि किंचाळल्या, "अगं बाई! हा तर फोटोतला!"

"फोटोतला?"

"तोच! तेच कपाळ, तेच कान! कंपनीने प्रत्यक्ष माणूस पाठवला! मला खात्रीच होती!"

"मी कंपनीचा नाही!" चष्मेवाला म्हणाला. "मी... हे सामान... म्हणजे बाई, तुमचा काहीतरी..."

"आधी चपला बाहेर," बाई म्हणाल्या.

त्याने चपला बाहेर काढल्या. काय करणार! आवाजच तसा होता.

"फिटिंगला आलास ना? उशीर झाला. पलंगाचा एक पाय डुगडुगतोय. चल, आत ये."

खरं तर तो पाय सहा वर्षं डुगडुगत होता आणि त्याखाली घडी केलेला कागद घालायचा हे फक्त चष्मेवाल्यालाच ठाऊक होतं. आतल्या खोलीत गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं. इथे बाईंना एकटं गाठून सांगून टाकायचं, असं ठरवून तो वळला आणि म्हणाला, "बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"मलाही तुला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "कंपनीचा माणूस आहेस म्हणून सांगते. तीन आठवडे मी सतरंजीवर झोपतेय रे. पाठ धरलीय, त्याचं काही नाही. पण जिन्यात रोज ते 'आलं का, आलं का' ऐकायचं! शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की विसरला मुलगा. मघापासून त्याला फोन लावतेय, प्रवासात असेल, लागत नाही. लागला की सांगणार आहे, बाळा, पलंग तू अगदी माझ्या गुडघ्यांना विचारून घेतलास." त्या पलंगावर बसल्या आणि अलगद उठूनही दाखवलं. "बघ! हात न टेकता!"

चष्मेवाल्याच्या घशाशी आलेलं वाक्य पुन्हा पोटात गेलं. त्याने खिशातून टेम्पोची पावती काढली, तिची घडी केली आणि गुपचूप पलंगाच्या पायाखाली सरकवली.

"तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही. पलंग चांगला आहे."

पण आता करायचं काय? सहा वाजता बायको येणार. ती पाय वर घ्यायला सोफा शोधणार. आणि सोफ्यावर टायपिस्टकाका! खरं सांगावं तर बाईंचं तोंड सगळ्या इमारतीसमोर उतरणार. न सांगावं तर आपण उद्यापासून सतरंजीवर! बाहेरच्या खोलीत आल्यावर खात्रीकाकूंनी त्याला कपाट सरकवायला लावलं. मग पुन्हा मूळ जागी सरकवायला लावलं. मग रंगवाल्याने विचारलं, "फोटोचे पैसे चांगले देतात का हो?"

या सगळ्या गलक्यात बाहेर काय चाललंय याचा कोणालाच पत्ता नव्हता. बाहेर चष्मेवाल्याची बायको ऑफिसातून जरा लवकरच सुटून लिफ्टने वर आली होती. तिच्याकडे दुसरी किल्ली होती. तिने दार उघडलं, आत बघितलं, तर घर रिकामं! ती कमरेवर हात ठेवून 'मागच्या वेळी' हा शब्द उच्चारणार, तेवढ्यात लिफ्टचं दार पुन्हा उघडलं आणि टोपीवाला एक माणूस बाहेर आला.

"चौथा मजला, उजवीकडचं दार? हेच ना?" त्याने जिन्यात डोकावून हाळी दिली, "आणा रे वर!" आणि कागद पुढे केला. "सही करा ताई. सोफा, पलंग, कपाट, टेबल. सगळं नवीन, सगळं पोच."

अर्ध्या तासाने, बाईंकडे कपाट तिसऱ्यांदा सरकवत असताना, चष्मेवाल्याचा फोन वाजला. बायको!

"अरे!" तिचा आवाज आनंदाने फाटत होता. "मानलं बुवा तुला! मानलं! नऊ वर्षं तो जुना सोफा माझ्या कमरेचा सूड घेत होता, आणि तू एका शब्दाने न सांगता... राखाडी रंग माझ्या आवडीचा, हे तुझ्या लक्षात होतं? मी पाय वर घेऊन बसलेय! तू कुठे आहेस?"

"कसला राखाडी?" चष्मेवाला म्हणाला. "तू कुठे आहेस?"

"आपल्या घरी! नव्या सोफ्यावर!"

चष्मेवाला फोन कानाला लावूनच बाहेर धावला. समोरचं दार उघडं होतं. आठ पावलांवर त्याची बायको राखाडी सोफ्यावर, फोन कानाला लावून, पाय वर घेऊन बसली होती. दोघं एकमेकांकडे बघत फोनवरच बोलत राहिले.

"हे कुठून आलं?"

"म्हणजे? तूच घेतलंस ना?"

"कोणी आणून दिलं?"

"टोपीवाल्या माणसाने. चौथा मजला, उजवीकडचं..."

आणि चष्मेवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! त्याने आधी लिफ्टकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. आणि मग तो नाचायलाच लागला!

"आलं! बाई, आलं! तुमच्या मुलाचं सामान आलं! विसरला नाही तो! बाई, या लवकर!"

बाई आल्या, त्यांच्यामागून सगळी वरात. फोटोतली बायकोही समोर बघून खात्रीकाकूंनी नुसता भिंतीचा आधार घेतला. चष्मेवाल्याने धापा टाकत सगळं सांगितलं. कोणालाच कळलं नाही. मग टायपिस्टकाकांनी एकदा लिफ्टमधून आणि एकदा जिन्यातून येऊन प्रत्यक्ष दाखवलं, तेव्हा कळलं.

"कशावरून हे माझ्या मुलाने पाठवलं?" बाईंनी विचारलं. त्या अजून उंबरठ्याबाहेरच होत्या. एकदा फसलेला माणूस लगेच आत पाय टाकत नाही.

बायकोने टेबलाला चिकटवलेलं पाकीट काढून त्यांना दिलं. ती ते नवऱ्याने लिहिलेलं समजून रात्री निवांत वाचणार होती. बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "आई, उशीर झाला, रागावू नकोस." मग त्या थांबल्या. कागद डोळ्यांजवळ नेला. "'उशीर'मधला 'शी' ऱ्हस्व काढलाय!" त्यांचा आवाज कापत होता. "चौतीस वर्षं दुनियेला शिकवलं, आणि हा एकटा कायम चुकतो! माझ्याच मुलाचं आहे! दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही!"

त्यांनी चष्मा काढून पुसला. खात्रीकाकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुम्हाला खात्रीच होती," बाई म्हणाल्या. काकूंनी तोंड मिटलं.

सगळे खूश झाले. एक सोडून. बायको हळूच राखाडी सोफ्यावरून उठली.

"म्हणजे तू काहीच घेतलं नाहीस."

"नाही."

"फक्त नियोजन केलंस."

"हो," चष्मेवाला म्हणाला आणि जमिनीकडे बघू लागला.

मग सुरू झाली उचलाउचल! इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. अख्खी इमारत मदतीला धावली आणि तिथेच घोटाळा झाला, कारण दोन्ही सोफे एकाच वेळी निघाले आणि मधल्या जागेत समोरासमोर येऊन असे अडकले, की लिफ्ट उघडेना आणि जिना दिसेना. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ घरी जायला म्हणून आले, त्यांनी दोन्ही सोफ्यांवरून चढून पलीकडे उडी मारली आणि 'रंगाचं काम अजून किती दिवस चालणार' असं पुटपुटत वर गेले. टायपिस्टकाका "डावीकडे! डावीकडे!" असं ओरडून मार्गदर्शन करत होते. कोणाच्या डावीकडे, ते त्यांनी सांगितलं नाही.

दिवेलागणीला सगळं संपलं. बेचाळीस खोकी घरात आली. चष्मेवाला आपल्या जुन्या सोफ्यावर आडवा झाला. पाठीच्या प्रत्येक मणक्याची त्याच्याशी वैयक्तिक ओळख झाली होती. बायको बाईंकडे चहाला गेली होती. आता ती तिथे आपल्याबद्दल काय सांगत असेल, याचा विचार करत तो पडून होता. पलीकडून आधी कुजबुज आली, मग धडपड, मग दोघींचं खो खो हसणं.

"अरे, जरा येतोस का?" बायकोने हाक मारली.

तो कसाबसा उठून गेला. बाई राखाडी सोफ्यात बसल्या होत्या. बसल्या म्हणजे बुडाल्या होत्या. गुडघे हनुवटीपाशी आले होते आणि बायको दोन्ही हात धरून त्यांना वर ओढत होती.

"फारच खोल आहे रे हा," बाई म्हणाल्या. "बसलं की उठायला माणूस बोलवावा लागतो. तुमचाच बरा होता. आणि हिला हा आवडलाय. तर आमचं असं ठरलंय, की दुपारी होतं तेच ठीक होतं."

"म्हणजे?"

"सोफा इकडचा तिकडे, तिकडचा इकडे," बायको उत्साहाने म्हणाली. "आणि पलंगही. बाईंना आपलाच उंच पडतो."

"पण तुमचा मुलगा काय म्हणेल?" चष्मेवाल्याने शेवटची धडपड केली.

"त्याचं मी बघते. त्याच्याशी मला आधी ऱ्हस्व-दीर्घावर बोलायचंय."

चष्मेवाल्याने आशेने बाहेर पाहिलं. मघाशी जिन्यात वीस-एक माणसं उभी होती. आता तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत पटापट कड्या लावल्याचा आवाज येत होता. टायपिस्टकाका तर जाता जाता स्वतःच्या कमरेला हात लावून, कधी नव्हे ते लंगडत होते.

"काय रे, उभा काय राहिलास?" बाई म्हणाल्या. "उचल!"

आणि चष्मेवाल्याने शहाण्या मुलासारखा सोफा उचलला. म्हणजे, एका बाजूने.